ती माझ्या आकड्यात होती

अण्णा,

गेल्या रविवारी तिचा सत्कार झाला. तुमच्याच कॉलेजच्या जुन्या सभागृहात, जिथले पंखे अजून तसेच कुरकुरतात. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, सरांची मुलगी म्हणून. मी जन्मभर ह्याच गावात मुलींना गणित शिकवलं, त्या सभागृहातल्या कितीतरी बायकांना मी कधीकाळी फळ्यापाशी उभं केलेलं असेल, पण त्या दिवशी मी फक्त सरांची मुलगी होते. तिनं माइक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "मला जन्म दिलेला बाप निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत खोकून खोकून गेला. मला घडवलेला बाप ह्या इमारतीत शिकवायचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवताना छातीत जी आग उठली ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झाले, नातवंडं शाळेत जायला लागली, आणि तरी दुसऱ्या कुणी तुम्हाला बाप म्हटलं की मी अजून ताटावरून रुसून उठलेली पोर होते. हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

सत्तरच्या दशकातलं आपलं टिळकवाडीतलं भाड्याचं घर आठवतं का? पुढच्या खोलीत तुमचं टेबल, त्यावर पुण्याहून, धारवाडहून मागवलेली पुस्तकं, आणि टेबलाखालीही पुस्तकंच, त्यामुळे तुम्ही पाय दुमडून बसायचात. तुमचा विषय काय हे सांगायला आईला लाज वाटायची. कुणी विचारलं की ती म्हणायची, "इतिहास." इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, कित्तूरची राणी, असं लोक धरून चालायचे. पण तुमचा इतिहास म्हणजे मेलेली माणसं. कुठल्या कत्तलीत किती मेले, हे कुणी मोजलं, कसं मोजलं, आणि मोजणाऱ्याला तो आकडा लहान हवा होता की मोठा. फाळणी, बंगालचा दुष्काळ, हिटलरच्या छावण्या, आफ्रिकेत रबरासाठी हात तोडलेले मजूर. ज्या घरात पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, का तर अजाणता किडामुंगी आपल्या हातून मरू नये, त्या घरात लाखांत प्रेतांच्या गोष्टी चालायच्या. आई ताट वाढताना बजावायची, "आता ऊटा माडरी, जेवा आधी. जेवताना मढी नकोत." चिकोडीकडच्या कानडी माहेरची ती, रागावली की निम्मं कानडीत बोलायची. तुम्ही हसून मान खाली घालायचात आणि दोन घास झाले की पुन्हा सुरू व्हायचात.

मी तेव्हा बीएस्सीला होते. तुमचं गणित कच्चं, माझं पक्कं. त्यामुळे उत्तर काढायचं काम माझ्याकडं आलं. तुम्ही कागद पुढं सरकवायचात. "ही एक्केचाळीसची जनगणना. ही एक्कावन्नची. दहा वर्षांत एरवी किती वाढली असती ते काढ. आले किती, गेले किती ते वजा कर. उरलं ते मला सांग." उरलं ते. बाकी. जी माणसं असायला हवी होती आणि नव्हती, ती. मी स्वयंपाकघरात आईशेजारी पाटावर बसून ते करायची, कारण तिथं उजेड चांगला होता. फाळणीचा हिशेब मी कितीदा केला असेल! कुणी दोन लाख म्हणत होतं, कुणी दहा, कुणी त्याच्याही दुप्पट, आणि तुम्हाला कळून घ्यायचं होतं की एवढा फरक पडतो कुठं. एकदा तुम्हीच सांगितलंत की पंजाबात एक्केचाळीस साली दोन्हीकडच्या लोकांनी आपापली माणसं फुगवून लिहिली होती, कारण ज्यांची डोकी जास्त त्यांचा वाटा जास्त. मी तशीच पेन्सिल घेऊन बसले. संध्याकाळी तुमच्यापुढं कागद ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, ह्यात जी जन्मालाच आली न्हाईत अशी माणसंबी मेलेल्यांत धरली गेलीत. ती काढली तर आकडा उतरतो." तुम्ही चष्मा वर करून कागद बघितलात. बराच वेळ बघितलात. मग म्हणालात, "बरं."

तेवढंच. मला ते "बरं" पुष्कळ होतं. मी ते घेऊन झोपायला जायची. दुसरं काही मिळू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं, ती येईपर्यंत.

ती पहिल्यांदा आली तो रविवारच होता. निपाणीहून सकाळच्या गाडीनं आलेली, एमएच्या पहिल्या वर्षाची, किरकोळ अंगाची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तिची आई घरी विड्या वळायची, हीही वळायची. वळूनच फी भरलेली. दारातून आत आली तसा तंबाखूचा वास आला आणि आपल्या आईनं न बोलता खिडकी उघडली. बाबासाहेबांच्या मागं गेलेलं तिचं घर, हे तिनं स्वतःच सांगितलं, चहा यायच्या आधी, म्हणजे पुढं कुणाची अडचण नको. तुम्ही म्हणालात, "बस की गं." आणि विचारलंत, एवढे विषय असताना तुला हाच का. ती म्हणाली, "सर, आमच्यातलं कोण कधी मेलं हे कुणीच लिहून ठिवलं न्हाई. मला बघायचंय, ज्यांचं लिहून ठिवलंय त्यांचं तरी नीट लिवलंय का." तुम्ही खुर्चीत सरळ झालात. तुम्हाला इतकं सरळ बसलेलं मी बघितलंच नव्हतं. दाराआडून मी ते बघितलं आणि त्या क्षणापासून तिला माझ्या घरात जागा नव्हती. घर मात्र माझं नव्हतं, तुमचं होतं.

मग ती दर रविवारी यायला लागली. पुढच्या खोलीतून तुमचं हसणं ऐकू यायचं. तुम्ही हसता हे शेजाऱ्यांनासुद्धा नवीन होतं. मी चहा घेऊन जायची तेव्हा तुमचं बोलणं थांबायचं नाही, मी कपबशा ठेवून उभी राहायची, आणि तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणायचात, "ते बंगालचं झालं का गं?" मी म्हणायची, "होतंय." तिच्याशी तुम्ही बंगालबद्दल बोलायचात, माझ्याकडं बंगालची फक्त बाकी असायची.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, ज्या दिवशी मला बघायला संकेश्वरची मंडळी आली होती? साखर कारखान्यातला मुलगा होता. रविवारच, त्यामुळे तीही होती, आईला वाढायला मदत करत होती. मंडळी जेवून, पान खाऊन गेली. मी नऊवारीसारखी जड ती जरीची साडी खोचून भांडी गोळा करत होते, कान आईच्या तोंडाकडं, की आता कुणीतरी मला विचारेल, मुलगा पसंत आहे का. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात आणि म्हणालात, "समजा, ही माणसं आपण बघितलीच न्हाईत. नुसती ही खरकटी भांडी सापडली. तर किती जण जेवले, सांगा बघू." मी लगेच ताटं मोजली, पाहुण्यांच्या वाट्या निराळ्या काढल्या, तुमचं एक ताट मिळवलं (आम्हा दोघी मुलींचं जेवण व्हायचं होतं), पातेल्यातल्या उरलेल्या भाताचा अदमास घेऊन ताळाही जमवला, आणि आकडा सांगितला. तुम्ही म्हणालात, "बरं." तेव्हा ती चुलीजवळून म्हणाली, "सर, पण काकू कुठं जेवल्या?"

आई कोपऱ्यात उभ्यानं पातेल्याच्या झाकणावर घास घेऊन जेवली होती. तिला ताटच नव्हतं. रोजच नसायचं. तुम्ही आईकडं बघितलंत, जणू ती आत्ताच बाहेरगावाहून आली आहे. मग माझ्याकडं वळलात. "तू भांडी मोजलीस," म्हणालात. "हिनं माणूस मोजलं." आवाज चढवला नव्हता. तुम्ही माझ्यावर कधीच आवाज चढवला नाही, त्यामुळे ते बोलणं आयुष्यभर उतरलंही नाही. त्या दिवशी मुलगा पसंत आहे का हे मला कुणी विचारलं नाही. तुम्ही तिला घेऊन पुढच्या खोलीत गेलात, दुष्काळात ज्यांनी ताटच घेतलं नाही त्यांना कसं मोजायचं, ह्यावर तुमचं सूर्य कलेपर्यंत चाललं. आई भांडी घासताना म्हणाली, "पोरगी हुशार हाय गं." आईसुद्धा. पुढं तिच्या तोंडी परीक्षेला घालायला बरी साडी नाही म्हणून आईनं शहापूरच्या मागावरून माझ्यासाठी घेतलेली डाळिंबी साडी तिला देऊन टाकली. "तुला दुसरी घेऊ," म्हणाली. घेतलीही. डाळिंबी मिळाली नाही.

संकेश्वरचं ते जमलं नाही. मला बेळगावातच दिलं, चार गल्ल्या ओलांडून, म्हणून मी रोज यायची. लग्न झालं तरी तुमचे कागद माझ्याकडंच यायचे, आणि मला वाटायचं, ती कितीही बोलली तरी आकडे माझ्याशिवाय हलत नाहीत. हे समाधान निपाणीच्या व्याख्यानापर्यंत टिकलं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. निपाणीच्या व्याख्यानमालेत तुम्हाला बोलावलं, विषय तुमचाच: शतकातल्या मोठ्या मानवी संहारांचा तुलनात्मक विचार. संध्याकाळी उन्हं असतानाच सुरू होणारं व्याख्यान, वखारी सुटल्यावर येणारी माणसं, हवेत तंबाखूचा तो नाक झोंबणारा वास. ती तुमच्याशेजारी व्यासपीठावर, कारण गाव तिचं. मी आईबरोबर बायकांत, मागं. तुम्ही फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेलात, सगळ्यांत मोठा संहार वर, मग त्याखालचा, मग त्याखालचा. प्रत्येकापुढं कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. त्यातला प्रत्येक आकडा माझ्या हाताखालून गेलेला होता. मी आईला कोपरानं ढोसून सांगत होते, "हे मी काढलेलं. हेबी." आई म्हणाली, "गप बस, लोक बघतात." अण्णा, त्या अर्ध्या तासाएवढी सुखात मी तुमच्या संगतीत कधीच नव्हते, आणि तुम्ही तर माझ्याकडं बघतही नव्हतात.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एक म्हातारे गृहस्थ उठले. पांढरा लेंगा, वर काळा कोट. बाजारातले सिंधी कापडवाले, कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या वसाहतीतून इथं येऊन दुकान घातलेले. म्हणाले, "साहेब, माझी मराठी चुकेल, माफ करा. फाळणी तुम्ही खाली लिहिलीय. तिसरी का चौथी. मी पहिला-दुसरा नंबर विचारत न्हाई. माझी बहीण होती. तिला कुणी कापलं न्हाई, जाळलं न्हाई. जहाजातून आली, छावणीत उतरली, तिथं ताप आला, गेली. ती तुमच्या आकड्यात हाय का न्हाई, तेवढं सांगा."

तुम्ही फळ्याकडं वळलात. खडू हातात होता. सभा वाट बघत होती. तुम्हाला ठाऊक नव्हतं, अण्णा. मला तुमच्या पाठीवरून कळलं की तुम्हाला ठाऊक नाही.

मला ठाऊक होतं. ज्यांनी प्रेतं मोजली त्यांच्या आकड्यात ती नव्हती, पोलिसांच्या नव्हती, इस्पितळांच्या नव्हती. पण माझ्या आकड्यात होती. मी प्रेतं मोजलीच नव्हती. मी असायला हवीत ती माणसं आणि आहेत ती माणसं ह्यांची वजाबाकी केली होती. एक्कावन्न साली जी सरहद्दीच्या दोन्हीकडं कुठंच नव्हती ती सगळी त्या बाकीत आली, मग ती तलवारीनं गेलेली असोत नाही तर तापानं. माझी बाकी विचारत नव्हती की कशानं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं: आहे, काका, ती आहे. मी पदर सावरून उठायलाच झाले होते. तेवढ्यात व्यासपीठावरून ती म्हणाली, "काका, बहिणीचं नाव काय हुतं?"

त्यांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, "वर या. इथं बसून सांगा." ते वर आले. तुम्ही तुमची खुर्ची त्यांना दिलीत, पायऱ्या उतरलात आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलात. मग ते सिंधी, हिंदी, मराठी मिसळून बोलत राहिले. बहीण कशी होती, जहाजावर ती कुणाचं मूल सांभाळत होती, छावणीतल्या बराकीचे पत्रे उन्हात कसे तापायचे. वखारीतल्या बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. आई रडत होती. मी तेवढी कोरडी. फळ्यावर माझे आकडे होते आणि त्यांच्याकडं कुणीही बघत नव्हतं. कुणीतरी मधेच उठून फळा पुसला, काकांच्या डोक्यामागं बरं दिसत नाही म्हणून.

परतताना गाडीत तुम्ही आणि ती पुढच्या बाकावर, आई आणि मी मागं. तिला खरं तर निपाणीतच राहायचं होतं, पण तुम्हाला बरं वाटत नव्हतं म्हणून बेळगावपर्यंत आली. तुम्ही तिला म्हणालात, "दोन संहार शेजारी मांडले की एक लहान दिसाय लागतो गं. लहान दिसला की माणसाला तो चालवून घेता येतो. मी जन्मभर हेच केलं." आणि तुमचे खांदे हलायला लागले. तुम्ही रडत होतात. आजीच्या मौतीलाही न रडलेले तुम्ही. ती तुमच्या हातावर हात ठेवून बसली. मागच्या बाकावरून मला तो हात दिसत होता. मला तुमचं दुःख कळलं नाही, अण्णा. मला एवढंच कळलं की तो हात माझा असायला हवा होता.

त्यानंतर तुम्ही मला कागद दिले नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "आता आकडे नकोत. आता ऐकायचं." आणि तुम्ही दोघं ऐकायला निघालात. कोल्हापूरजवळच्या त्या वसाहतीत, काकांच्या दुकानात, जिथं जिथं कुणी मागचं सांगायला तयार होतं तिथं. मी एकदा म्हटलं, "मीबी येते." तुम्ही म्हणालात, "तू कशाला? तुझं घर हाय, शाळा हाय." ते काळजीनंच म्हणालात, हे मला समजत होतं. तिला घर नव्हतं का? तिला शाळा नव्हती का?

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि आता तुम्ही उलट बोलू शकत नाही म्हणून सांगते. क्रमवारी लावण्यात तुमचं चुकलं असेल. पण मोजण्यात आपलं चुकलं नव्हतं. नाव विचारणं चांगलंच आहे, पण ज्यांचं नाव सांगायला भाऊ उरला नाही त्यांचं काय? ज्यांची अख्खी गल्ली गेली त्यांच्यासाठी उठून प्रश्न विचारायला सभेत कोण येणार? त्यांना फक्त बाकीतच जागा आहे. आपण मोजलं नाही तर मारणाऱ्यांनी सांगितलेला आकडाच खरा ठरतो. आपल्या सीमाभागात तुम्ही हेच नव्हतं का शिकवलंत? मोर्चावर लाठी चालली की मराठी पेपरात एक आकडा, कानडी पेपरात दुसरा, आणि तुम्ही दोन्ही पेपर शेजारी ठेवून म्हणायचात, डोकी फुटलेली तेवढीच हाईत. मग ती किती हे कुणीतरी बसून काढायला नको?

तुम्हाला झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी सासरी सांगून तुमच्याकडंच राहायला आले. ती तेव्हा धारवाडला शिकवत होती आणि तिचा प्रबंध विद्यापीठात गेला होता. एक दिवस ती मधल्याच वारी आली, रविवार नसताना. डोळ्यांखाली काळं. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "परत धाडलाय." परीक्षकांनी लिहिलं होतं की आठवणी हृद्य आहेत, पण आपण किती लोकांबद्दल बोलत आहोत हे लेखिका कुठेच सांगत नाही. "तुझं गणित लागतंय मला," ती म्हणाली. "सरांस्नी विचारता येत न्हाई आता."

मला आनंद झाला. तिच्या डोळ्यांखालचं काळं बघून आनंद झाला, हेही लिहून टाकते. पण कागद काढून बसले. माझे जुने कागद मी टाकले नव्हते. पाटावर शेजारी शेजारी बसून मी तिला बाकी म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. छावणीत मेलेली माणसं ह्यात कशी आपोआप येतात ते सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"म्हंजे काकांची बहीण ह्यात हुती?"

"हुती."

"तुला तवाच ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तू बोलत हुतीस," मी म्हटलं.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "काका गेले की गं, गेल्या साली. त्यांस्नी बरं वाटलं असतं." तिनं दोष दिला नाही. तिला दोष देता येत नाही, हा तिचा सगळ्यांत मोठा त्रास आहे. मधल्या खोलीतून तुम्ही डाव्या हातानं कॉट वाजवलीत. मी आत आले तर तुम्ही दाराकडं खुणा करत होतात. उशा लावून मी तुम्हाला बसतं केलं, स्वयंपाकघरातलं दिसेल असं. मग आम्ही पुन्हा कामाला लागलो. तुम्ही जेवणवेळेपर्यंत आमच्याकडं बघत होतात. डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्याची जी बाजू हलायची ती हसत होती. दोघींतल्या कुणाकडं बघून, हे मला कळलं नाही. मी जागा बदलूनही बघितली.

तिचा प्रबंध मंजूर झाला. पुढं पुस्तक झालं, लोक ते वाचतात, त्यातलं आकड्यांचं प्रकरण चांगलं आहे असं म्हणतात. परवा सत्काराच्या भाषणात ती म्हणाली, "ह्या कामात सरांच्या कन्येनं आकडेवारीची फार मदत केली." मदत. ती खोटं बोलली नाही. मीच तिला सांगितलं होतं माझं नाव नको म्हणून, कारण मला तिनं आग्रह करायला हवा होता, आणि ती साधी, तिनं माझं ऐकलं.

सत्कार झाल्यावर ती आपल्या घरी आली. म्हणजे माझ्या घरी. तुमची कॉट मी इकडंच आणली आहे, नातू तीवर अभ्यास करतो. हार काढून तिनं बाजूला ठेवला. गुडघे दुखतात म्हणाली, माझेही दुखतात. चहा पिताना तिनं कॉटच्या लाकडावरून हात फिरवला आणि एकदम म्हणाली, "एक विचारू का गं? इतकी वरसं विचारीन म्हणतोय." ती निपाणीच्या बायकांसारखी अजून स्वतःला येतो-जातोच म्हणते. "सरांनी शेवटाला माझं नाव घेतलंतं का कधी? मला कॉलेजच्या परीक्षांच्या कामामुळं येता आलं न्हाई. शेवटचे सगळे दिवस तूच हुतीस."

मी म्हटलं, "न्हाई गं. वाचा गेलती न्हव का त्यांची."

"व्हय," ती म्हणाली. "तेबी खरंच." कप विसळून ठेवला, मी नको म्हणत असताना. "येतो हं," म्हणाली आणि जपून पायऱ्या उतरली. मी गॅलरीतून बघितलं. रिक्षात बसेपर्यंत तिनं एकदा डोळे पुसले.

वाचा गेली होती हे खरं, अण्णा. पण शेवटी शेवटी एक शब्द परत आला होता, आणि तो तिचं नाव होता. पेज भरवताना, अंग पुसताना, कूस बदलताना तुम्ही माझ्याकडं बघून तेच म्हणायचात. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की एखादाच शब्द शिल्लक राहतो, त्याचा अर्थ काढू नका. आईही म्हणाली, मनावर घेऊ नको. मी दरवेळी "व्हय अण्णा" म्हणाले, कारण ओ दिली की तुम्ही शांत व्हायचात. तिला हे कळलं तर राहिलेले दिवस तिला पुरेल. तिचा नंबर माझ्याकडं आहे, ती फोन उचलते, एका वाक्याचं काम आहे. मी करणार नाही. तुमचं बाकी सगळं तिला मिळालं आहे, आणि हे माझ्याजवळ राहिलं तर मला बरं वाटतं.